चोरीची मासळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासळीच्या जागतिक काळ्या बाजाराचा विषय निघाला की डोळ्यांसमोर बंदुका घेतलेले चाचे येतात. प्रत्यक्षात या धंद्याचा सगळा भार कागदांवर असतो. मासा समुद्रात चोरला जातो, पण त्याची किंमत बंदरात, शीतगृहात आणि निर्यातदाराच्या टेबलावर वसूल होते. म्हणून खालच्या उत्तरांत बोटींइतकंच कागदांबद्दलही लिहिलं आहे.

समुद्र तर सगळ्यांचा. मग मासा ‘चोरीचा’ कसा ठरतो?

1982 च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 370 किलोमीटरपर्यंत, मासळीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. त्यापलीकडचा समुद्र खुला असला तरी मोकाट नाही. टुना किंवा अंटार्क्टिकाजवळची मासळी यांसाठी देशांनी मिळून संस्था उभ्या केल्या आहेत आणि त्या कोटे ठरवतात.

परवान्याशिवाय, बंदीच्या काळात, बंदी असलेल्या जाळ्याने, कोट्याबाहेर किंवा संरक्षित जातीची मासेमारी केली तर ती सरळसरळ बेकायदा. मासळी पकडली पण नोंदवली नाही किंवा खोटी नोंदवली, हा दुसरा प्रकार. आणि जिथे नियमच नाहीत अशा पाण्यात किंवा कोणत्याच देशाचा झेंडा नसलेल्या बोटीने केलेली मासेमारी, हा तिसरा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2001 च्या कृती आराखड्यात हे तिन्ही प्रकार एकत्र बांधले आणि तेव्हापासून जगभर ते एका दमात बोलले जातात.

मला ही मोट जरा धोक्याची वाटते. जगातल्या असंख्य छोट्या मच्छीमारांची मासळी ‘नोंद नसलेली’ असते, कारण ती मोजायला कोणी येतच नाही. होडीतून चार टोपल्या आणणारा आणि आपली जागा कळवणारं यंत्र बंद करून हजार टन उपसणारा यांना एकाच यादीत बसवलं की कारवाईचा पहिला दणका होडीवाल्याला बसतो.

हा धंदा किती मोठा आहे?

सर्वात जास्त वापरला जाणारा अंदाज 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातला आहे: वर्षाला 1.1 ते 2.6 कोटी टन मासळी, किंमत 10 ते 23.5 अब्ज डॉलर. आपल्या देशाची सगळी समुद्री मासळी वर्षाला 35 ते 45 लाख टनांच्या दरम्यान असते, यावरून पसारा लक्षात येईल. आकडा जुना आहे आणि चोरीचा हिशेब चोर ठेवत नाहीत, म्हणून त्याकडे अंदाज म्हणूनच बघावं. खरेदीच्या बाजूने केलेली मोजणीही आहे. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने 2021 मध्ये सांगितलं की 2019 साली त्या देशात आयात झालेल्या समुद्री मासळीपैकी सुमारे 11 टक्के, म्हणजे 2.4 अब्ज डॉलरचा माल, अशा मासेमारीतून आला होता.

चोरलेल्या मासळीचा ‘पांढरा’ माल होतो तरी कसा?

एक रस्ता भर समुद्रातला. मासेमारी करणारी बोट महिनोन्‌महिने बंदराला लागत नाही. तिच्याकडे एक शीतजहाज येतं, मासळी उचलतं, डिझेल, शिधा आणि कधी नवे खलाशीही देऊन जातं. त्या जहाजाच्या पोटात दहा बोटींचा माल एकत्र गोठतो. परवान्याचा कोणता आणि चोरीचा कोणता, हे बंदरात उतरवताना खुद्द जहाजाचा कप्तानही सांगू शकणार नाही. भर समुद्रात माल बदलणं सगळीकडे बेकायदा नाही, म्हणूनच ते इतकं सोयीचं पडतं.

दुसरा रस्ता नोंदवहीतला. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदरातलं कार्लोस राफाएल याचं प्रकरण मला यात सर्वात बोलकं वाटतं. त्याच्याकडे बोटींचा मोठा ताफा होता. कॉड माशाचा कोटा तुटपुंजा, हॅडॉकचा भरपूर. म्हणून कॉड पकडायचा आणि कागदावर हॅडॉक लिहायचा. आता कोणीही म्हणेल, बोटीने काय पकडलं आणि व्यापाऱ्याने काय विकत घेतलं, हे ताडून पाहिलं की खोटं उघडं पडेल. पण खरेदी करणारी कंपनीही त्याचीच होती. बोटीचा अहवाल आणि व्यापाऱ्याचा अहवाल अगदी तंतोतंत जुळायचे. शेवटी कर खात्याचे अधिकारी रशियन गुंड असल्याचं भासवून धंदा विकत घ्यायला गेले, आणि त्याने आपण होऊन रोखीचा खरा हिशेब त्यांच्यासमोर ठेवला. 2017 मध्ये त्याला 46 महिन्यांची कैद झाली.

दक्षिण आफ्रिकेतल्या हाउट बे इथल्या कंपनीने हेच शेवंडीच्या (लॉब्स्टरच्या) बाबतीत वर्षानुवर्षं केलं. कोट्यापेक्षा कितीतरी जास्त शेवंड पकडायची, निरीक्षकांना लाच द्यायची आणि कंटेनर भरून अमेरिकेला पाठवायचे. 2001 मध्ये माल पकडला गेला. अमेरिकी न्यायालयाने 2013 मध्ये दक्षिण आफ्रिकेला भरपाई म्हणून सुमारे 2.95 कोटी डॉलर देण्याचा आदेश दिला, कारण चोरी त्या देशाच्या मालमत्तेची होती. हा विचार फार महत्त्वाचा आहे. मासळी चोरीला गेली तर कोणा देशाचं, कोणा किनाऱ्याचं नुकसान झालं, हे न्यायालयाने पैशांत मोजलं.

आणि तिसरा रस्ता कारखान्यातला. मासा सोलून, तुकडे करून, गोठवून पिशवीत भरला की त्याचं डोकं, शेपूट, खवले सगळं गेलेलं असतं. एका देशात पकडलेला मासा दुसऱ्या देशात साफ होतो आणि तिसऱ्या देशाचं नाव लावून चौथ्या देशात विकला जातो.

एखादं जहाज वर्षानुवर्षं चोरी करतं आणि सापडत कसं नाही?

‘थंडर’ची गोष्ट सांगते, म्हणजे हे कसं चालतं ते कळेल.

अंटार्क्टिकाभोवतीच्या गोठलेल्या पाण्यात टूथफिश नावाचा मोठा, सावकाश वाढणारा मासा असतो. महागड्या हॉटेलांत तो ‘चिलियन सी बास’ म्हणून ताटात येतो. त्याच्यामागे लागलेल्या बदनाम जहाजांपैकी हे एक. नावं बदलत आलेलं: रुबिन, टायफून, कुको, वुहान क्रमांक 4. झेंडे बदलत आलेलं: ब्रिटन, टोगो, मंगोलिया, नायजेरिया. काळ्या यादीत नाव, इंटरपोलची नोटीस निघालेली, तरी धंदा चालूच. 2006 पासून त्याने 6 कोटी डॉलरहून अधिक कमावल्याचा इंटरपोलचा अंदाज होता.

17 डिसेंबर 2014 ला समुद्री जीव वाचवण्यासाठी काम करणाऱ्या ‘सी शेफर्ड’ या संस्थेच्या ‘बॉब बार्कर’ जहाजाने त्याला दक्षिण महासागरात गाठलं. थंडर जाळी तशीच पाण्यात टाकून पळालं. संस्थेचं दुसरं जहाज, ‘सॅम सायमन’, ती जाळी वर ओढत बसलं. सुमारे 72 किलोमीटर लांबीची जाळी निघाली. त्या भागात असली गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखी उभी राहून माशांना अडकवणारी जाळी, टाकायला मुळातच बंदी आहे. बर्फाळ वाऱ्यात दिवसेंदिवस खलाशी जाळी ओढत होते आणि तिच्यात अडकून कुजलेले मासे, खेकडे, रे हातांनी सोडवत होते, कारण तीच जाळी पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहणार होती.

पाठलाग 110 दिवस चालला. तीन महासागर पार झाले. या सगळ्या काळात कोणत्याही देशाचं आरमार मधे आलं नाही. नायजेरियाने मधेच आपला झेंडा काढून घेतला. 6 एप्रिल 2015 ला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे या छोट्या बेटांच्या देशाजवळ थंडर बुडायला लागलं. पाठलाग करणाऱ्यांनीच 40 खलाशांना वाचवलं, त्यातले बहुसंख्य इंडोनेशियाचे. जहाज बुडण्याआधी बॉब बार्करचे लोक त्यावर चढले, तर पाणी अडवणारी दारं उघडी बांधून ठेवलेली दिसली. बुडणारं जहाज वाचवायचं असेल तर कोणी दारं उघडी ठेवत नाही. पुरावा तळाला घालवायचा होता. तरी जेवढे कागद आणि छायाचित्रं हाती लागली, त्यांवर साओ टोमेच्या न्यायालयाने कप्तान आणि दोन अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं आणि 1.5 कोटी युरोंचा दंड लावला.

जहाजाचा खरा मालक मात्र त्या पिंजऱ्यात उभा नव्हता. नावापुरत्या कंपन्यांच्या मागे तो लपून राहतो आणि पकडले जातात ते पगारी लोक.

मंगोलियाला समुद्रच नाही. मग जहाजावर त्याचा झेंडा कसा?

पैसे भरले की काही देश कोणत्याही जहाजाला आपला झेंडा देतात. मालक कुठला, जहाज काय करतं, याची चौकशी फारशी नाही. खुल्या समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा, आणि त्या देशाकडे ना गस्तीनौका ना इच्छा. एक झेंडा गेला की दुसरा घ्यायचा.

उपग्रहावरून सगळं दिसतं ना आता?

पुष्कळ दिसतं. मोठ्या बोटींवर आपली जागा सतत कळवणारं एआयएस यंत्र असतं, आणि 2016 पासून ‘ग्लोबल फिशिंग वॉच’ ही माहिती कोणालाही बघता येईल अशी नकाशावर मांडते. पण यंत्राला बटण असतं आणि ते बंद करता येतं. 2024 च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात उपग्रहाच्या रडार चित्रांशी ताडून पाहिलं, तर जगातल्या औद्योगिक मासेमारी बोटींपैकी सुमारे तीन चतुर्थांश बोटी सार्वजनिक नकाशावर दिसतच नव्हत्या. सगळ्याच चोर असतील असं नाही, अनेक देशांत ते यंत्र सक्तीचं नाही.

तस्करी सर्वात जास्त कशाची होते?

वजनाने बघितलं तर माकूळ (स्क्विड), टुना, कोळंबी, रोजच्या खाण्यातली मासळी. पण काही जातींना असा भाव आहे की त्यांच्यामागे अमली पदार्थांच्या टोळ्याच उतरल्या आहेत.

मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात टोटोआबा नावाचा मासा आहे, माणसाच्या उंचीचा, वजन शंभर किलोपर्यंत. त्याच्या मांसासाठी कोणी जीव टाकत नाही. भाव आहे पोटातल्या हवेच्या पिशवीला. वाळवलेली पिशवी चीनमध्ये किलोला हजारो डॉलरला जाते. पालघरकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको, कारण आपल्या घोळ माशाचा ‘बोत’ म्हणजे तीच पिशवी, आणि घोळ आणि टोटोआबा एकाच कुळातले. 2021 मध्ये मुरब्याच्या बोटीला एका फेरीत 157 घोळ मिळाले आणि सव्वा कोटीच्या वर लिलाव झाला, तेव्हा सगळ्या किनाऱ्यावर तीच चर्चा होती. घोळ पकडणं कायदेशीर आहे. टोटोआबा पकडायला मेक्सिकोने 1975 पासून बंदी घातली आहे.

पण मेक्सिकोतलं खरं दुःख त्या माशापुरतं नाही. त्याच्यासाठी लावलेल्या गिलनेटमध्ये वाकिता अडकते. ही जगातली सर्वात लहान सागरी सस्तन प्राण्यांपैकी एक, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली, फक्त त्याच आखातात राहणारी. तिला श्वास घ्यायला वर यावं लागतं आणि जाळ्यात अडकली की ती गुदमरून मरते. 2024 च्या पाहणीत सहा ते आठ वाकिता दिसल्या. एवढ्याच. कोणाला ती नकोच आहे, कोणी तिला विकत नाही, आणि तरी दुसऱ्याच माशाच्या पिशवीपायी एक अख्खी जात संपत आली आहे.

युरोपातल्या ईलची गोष्ट वेगळी. ईलची पैदास व्यापारी पातळीवर अजून कोणाला जमलेली नाही. म्हणून शेततळ्यात वाढवायचा तरी पिल्लू समुद्रातून येणारंच लागतं. काचेसारखी पारदर्शक, बोटाएवढी पिल्लं नद्यांच्या मुखाशी येतात. युरोपीय संघाने 2010 च्या शेवटी त्यांची बाहेरची निर्यात थांबवली, तेव्हापासून ती विमानतळांवर सूटकेसमधून निघतात: पाणी आणि प्राणवायू भरलेल्या पिशव्या, शेजारी बर्फाच्या बाटल्या. युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेच्या, युरोपोलच्या, अंदाजाने एका वर्षात 100 टनांपर्यंत पिल्लं बाहेर गेली आहेत. किलोत तीनेक हजार पिल्लं बसतात, यावरून हिशेब करा.

दक्षिण आफ्रिकेतला अबॅलोनी हा शिंपला म्हणजे तर उघड दरोडा आहे. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या अभ्यासानुसार 2000 ते 2016 या काळात साडेनऊ कोटींहून अधिक अबॅलोनी चोरले गेले. बहुतेक माल हाँगकाँगला गेला, आणि त्यातला बराचसा झिम्बाब्वे, लेसोथो अशा देशांमार्फत. या दोन्ही देशांना समुद्रकिनाराच नाही. किनारपट्टीवरच्या गरीब वस्त्यांतली पोरं त्यासाठी शार्क असलेल्या पाण्यात बुड्या मारतात आणि मोबदल्यात टोळ्यांकडून अनेकदा अमली पदार्थ मिळतात.

या बोटींवर काम कोण करतं?

ज्याला दुसरीकडे काम नाही तो. 2015 मध्ये असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी इंडोनेशियाच्या बेंजिना बेटावर म्यानमारचे खलाशी पिंजऱ्यात कोंडलेले शोधून काढले. दलालाने फसवून थाई बोटींवर चढवलेले, काही जण वर्षानुवर्षं घरी न गेलेले. त्यांनी पकडलेल्या मासळीचा माग पत्रकारांनी थायलंडमार्गे अमेरिकेतल्या दुकानांपर्यंत काढला. दोन हजारांहून अधिक माणसं त्यातून सुटली. बोट बंदरात येतच नाही, माल आणि डिझेल समुद्रातच बदलतं, म्हणून माणसाला पळायला जमीनच मिळत नाही. मासळी चोरायची जी युक्ती, तीच माणूस डांबून ठेवायचीही.

महाराष्ट्रातल्या ज्या मुलांना परदेशी मासेमारी बोटीवरच्या नोकरीची आमिषं येतात, त्यांनी भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे संचालनालयाच्या यादीत स्वतः बघावं. पासपोर्ट ताब्यात मागणाऱ्या किंवा कराराची प्रत न देणाऱ्या माणसाला नकार द्यावा.

नुकसान नेमकं कोणाचं होतं?

घानाचं उदाहरण घ्या. तिथे परदेशी पैशावर चालणारे ट्रॉलर छोट्या मच्छीमारांच्या हक्काची पेडव्यासारखी छोटी मासळी उपसतात. मग तिचे गोठवलेले ठोकळे करून भर समुद्रात डोंगीवाल्यांनाच विकतात. याला तिथे ‘साइको’ म्हणतात. 2017 मध्ये अशी सुमारे एक लाख टन मासळी किनाऱ्याला लागली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे आधी मच्छीमाराच्या पुढ्यातली मासळी पळवायची आणि मग तीच त्याला पैसे घेऊन द्यायची. त्यात अंड्यावर न आलेली पिल्लं भरपूर, त्यामुळे पुढच्या वर्षीचा समुद्रही रिकामा.

उत्तर कोरियात याहून भीषण झालं. 2017 मध्ये नऊशेहून अधिक चिनी बोटींनी संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध धाब्यावर बसवून तिथल्या पाण्यात माकूळ पकडली. तिथले गरीब मच्छीमार आपल्या मोडक्या लाकडी होड्या घेऊन दूर रशियाच्या पाण्याकडे जायला लागले आणि त्यांतल्या अनेक होड्या मृतदेहांसह वाहत जपानच्या किनाऱ्याला लागल्या.

भारतातून अशी मासळी बाहेर जाते का?

जाते. 2015 मध्ये केंद्राने शार्कच्या, म्हणजे मुशीच्या, परांच्या निर्यातीवर बंदी घातली. तरी सप्टेंबर 2018 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत शिवडीला आणि गुजरातेत वेरावळला मिळून सुमारे 8,000 किलो पर जप्त केले. माल चीन आणि हाँगकाँगकडे निघालेला होता. तमिळनाडूच्या मन्नार आखातातून आणि लक्षद्वीपमधून समुद्री काकडीची तस्करी सतत चालते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव 2001 पासून आहे. श्रीलंकेत तीच परवान्याने पकडता येते, म्हणून इकडचा माल रात्रीत तिकडे जातो आणि कायदेशीर होऊन निघतो.

साध्या मासळीच्या बाबतीत युरोपला माल पाठवायचा तर पकड दाखला लागतो: कोणत्या बोटीने, कुठे, कधी पकडली. आपल्याकडे हे काम समुद्री उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण पाहतं. जमिनीला जसा सातबारा तसा मासळीला हा दाखला, आणि सातबाऱ्यासारखाच तो लिहिणाऱ्यावर अवलंबून. ससून डॉकला पहाटे बोटींमागून बोटी लागतात, मासळी टोपल्यांतून धक्क्यावर ओतली जाते, दलाल बोली लावतात, अर्ध्या तासात ढीग चार ट्रकांत वाटले जातात. त्या गर्दीत कोणती सुरमई कोणत्या बोटीची, हे शोधत बसायला कोणाकडे वेळ नसतो.

कोकणातली एलईडी आणि पर्ससीन मासेमारीही यातच येते का?

हो, आणि या प्रश्नाबद्दल मला तिडीक आहे. परराष्ट्रांच्या बोटींबद्दल रागाने बोलणारे आपण मालवण, रत्नागिरी, रायगडच्या समुद्रातल्या प्रकाराला ‘मच्छीमारांची आपसातली भांडणं’ म्हणून सोडून देतो.

रात्री समुद्रात जनरेटरवर प्रचंड एलईडी दिवे लावले की प्रकाशाकडे मासळी गोळा होते आणि पर्ससीनचं जाळं खालून आवळलं की लहानमोठी सगळी एकदम वर येते. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये यावर बंदी घातली. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा, 2021 मध्ये त्यात बदल करून दंड लाखांच्या घरात नेला. पर्ससीनवर 2016 पासून राज्याचे निर्बंध आहेत. तरी दिवे दिसतात. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द आणि पुढे केंद्राची, या रेषेचा खेळ सगळ्यांना पाठ आहे. सिंधुदुर्गात त्यात परराज्यांतल्या हायस्पीड ट्रॉलरची भर. गस्तीनौका एक, ट्रॉलर पन्नास, आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून हातांनी ओढायचं जाळं, ओढणारा किनाऱ्यावर उभा राहून ते बघतो. मत्स्यदुष्काळ जाहीर करा असं मागायची वेळ त्याच्यावर येते.

जानेवारी 2025 पासून राज्याने ड्रोनने टेहळणी सुरू केली. चांगलं झालं. पण ड्रोनने टिपलेली बोट बंदरात आल्यावर तिची मासळी लिलावात गेली नाही, तरच त्याला अर्थ. दंड भरून बोट दुसऱ्या दिवशी बाहेर पडत असेल तर तो दंड मालकाच्या खर्चाच्या वहीत डिझेलशेजारी लिहिला जातो.

पाकिस्तानने पकडलेले आपले खलाशी मग ‘चोर’ ठरतात का?

कायद्याच्या भाषेत दुसऱ्याच्या हद्दीत मासेमारी ही बेकायदाच. पण त्या माणसांना या काळ्या बाजाराशी जोडणं अन्यायाचं आहे. डहाणू, तलासरीकडचे अनेक आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट कुठे न्यायची हे ते ठरवत नाहीत. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीजवळची हद्दच दोन देशांत वादात आहे. 1982 च्या त्याच कराराचं कलम 73 सांगतं की विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे वर सांगितलेल्या 200 मैलांतल्या, मासेमारीच्या गुन्ह्याला, संबंधित देशांत वेगळा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देता येत नाही, आणि जामीन भरल्यावर बोट आणि खलाशी लवकर सोडायचे असतात. प्रत्यक्षात माणसं कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात आणि पाकिस्तानी मच्छीमार आपल्याकडे. 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही सरकारं याद्यांची देवाणघेवाण करतात आणि गावाकडे घरचे लोक त्या यादीत नाव शोधत असतात.

आंतरराष्ट्रीय कायदे खरंच काही करतात का?

एक कायदा खरोखर नेमक्या जागी बोट ठेवतो: बंदर राज्य उपाययोजना करार, 5 जून 2016 पासून लागू. परदेशी मासेमारी जहाजाने बंदरात यायच्या आधी परवानगी मागायची, कागद दाखवायचे. शंका आली तर बंदर नाकारता येतं. माल उतरवता आला नाही तर चोरीचा मासा कुजतो. समुद्रभर गस्त घालण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. खोट एवढीच की एखादं जरी ढिलं बंदर उरलं तरी सगळी जहाजं तिकडे वळतात.

युरोपीय संघ 2010 पासून लागू झालेल्या नियमाखाली चोरीची मासळी न रोखणाऱ्या देशांना पिवळं आणि लाल कार्ड दाखवतो. लाल म्हणजे त्या देशाची मासळी बंद. श्रीलंकेला 2015 मध्ये हा दणका बसला आणि दीड वर्षात त्यांनी व्यवस्था सुधारली. थायलंडला त्याच वर्षी पिवळं मिळालं, ते 2019 मध्ये उठलं. इंडोनेशियाच्या मंत्री सुसी पुजियास्तुती यांनी 2014 ते 2019 या काळात पाचशेहून अधिक चोर बोटी जप्त करून समुद्रात बुडवल्या. कागदी नोटिशींना न घाबरणारे त्याला घाबरले. 2017 मध्ये इक्वाडोरने गॅलापागोसजवळ एक चिनी शीतजहाज पकडलं, त्यात सहा हजारांहून अधिक शार्क होते, आणि खलाशांना एक ते चार वर्षांची कैद झाली.

अनुदानाचं काय, हेही विचारलं जातं. जगात मासेमारीला वर्षाला सुमारे 35 अब्ज डॉलरची सरकारी मदत मिळते आणि तिचा मोठा भाग बोटींची ताकद वाढवण्यात जातो. फुकटच्या डिझेलाशिवाय कितीतरी बोटींना दूरच्या समुद्रात जाणं परवडणारच नाही. जागतिक व्यापार संघटनेत 2022 मध्ये यावर करार झाला. भारताने तिथे छोट्या मच्छीमारांसाठी मोठ्या मुदतीची सूट मागितली आणि दूर जाऊन मासेमारी करणाऱ्या श्रीमंत देशांनी आधी हात आखडावा असं म्हटलं. ही भूमिका मला रास्त वाटते. मात्र ज्याच्या नावाने सूट मागतो, त्याला घरच्या पर्ससीनवाल्यापासूनही वाचवलं पाहिजे.

मासे विकत घेताना मी काय बघू?

कोळणीला विचारा: कुठल्या बंदराची, बोटीची की डोलीची, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या जाळ्याची. तिला माहीत असतं आणि विचारलेलं तिला आवडतं. तळहाताहून लहान पापलेट घेऊ नका. राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे, त्याखालची मासळी पकडणं आणि विकणं दोन्ही चूक. पापलेट त्याच वर्षी राज्यमासा झाला, निदान त्याला एकदा अंडी तरी घालू द्या.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. त्या दिवसांत ताजी मासळी दिसली म्हणजे लगेच चोरीची असं नाही. बिगरयांत्रिक होड्यांना सूट आहे आणि पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असल्याने जुलैत तिकडची मासळी मुंबईत येते. पण विक्रेत्याला ती कुठून आली हे सांगता यायला हवं.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सोय आहे. तिथे ताज्या आणि गोठवलेल्या मासळीवर जातीचं शास्त्रीय नाव, पकडल्याचं क्षेत्र आणि जाळ्याचा प्रकार लिहिणं सक्तीचं आहे. क्षेत्र 51 असेल तर तो पश्चिम हिंदी महासागर, म्हणजे आपला अरबी समुद्रही त्यात आला. डबाबंद माशांना मात्र हा नियम नाही.

बंदरावर किंवा समुद्रात काही संशयास्पद दिसलं तर?

बोटीचा नोंदणी क्रमांक, जागा, वेळ आणि मोबाइलवरचं छायाचित्र, एवढं पुरेसं आहे. महाराष्ट्रातल्या बोटींच्या क्रमांकात आयएनडी नंतर एमएच असतं, परराज्यातली असेल तर ते अक्षरांवरूनच कळतं. तक्रार जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. मुशीचे पर, समुद्री काकडी किंवा समुद्री घोडे असतील तर वन विभाग. स्वतः बोट घेऊन आडवं जाऊ नका. भर समुद्रात जाळी कापण्यावरून मारामाऱ्या झाल्या आहेत. तक्रारीची एक प्रत मच्छीमार सहकारी सोसायटीकडेही द्या, कारण एकट्याच्या अर्जापेक्षा सोसायटीच्या अर्जाचा पाठपुरावा करणं सोपं जातं.